एकोणऐंशी नंबरचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. देवळाबाहेर चपला ठेवायला दिल्या की हातात मिळतो तो बिल्ला. पितळेचा, गोल, तळहाताच्या खळग्यात नीट बसेन एवढा. वरच्या कडेला भोक आणि मधोमध ७९ हा आकडा. तुम्ही मला कितीदा तरी मुठीत धरलं असेल आणि परत देताना माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परत दिलंत, हेच पुष्कळ.

मी एकटा जन्मलो नाही. पत्रे कापायच्या कारखान्यात यंत्राच्या एका दणक्यासरशी आम्ही दोघं भाऊ बाहेर पडलो. ठसे मारणाऱ्या कारागिरानं दोघांवर आधी सात मारला, मग नऊ. माझ्यावरचा नऊ जरा खाली घसरला. मालक ओरडला, तर कारागीर म्हणाला, "साहेब, यांना चपला सांभाळायच्यात. हस्ताक्षराचं बक्षीस थोडंच घ्यायचंय?" मालकालाही हसू आलं आणि मी त्या घसरलेल्या नऊसकट पोत्यात गेलो.

आमचं काम असं. भाऊ तारेच्या कडीनं चपलेच्या पट्ट्याला अडकतो आणि फळीवर जाऊन बसतो. मी माणसाबरोबर आत जातो. माणूस परत आला की आमची गाठ पडते, आकडा जुळतो आणि चपला पायात जातात. दोघं एकाच पत्र्याचे, पण मी देवीच्या दर्शनाला आणि तो चपलांच्या सेवेला. सुरुवातीला मला याचा जरा तोरा होता. भावानं तो एकदाच उतरवला. म्हणाला, "आत सगळेच शहाण्यासारखे उभे राहतात. माणूस खरा कसा चालतो, ते इथं टाचेवरून कळतं." तेव्हापासून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

देऊळ फार जुनं आहे. किती जुनं, ते कुणाला विचारता यावर अवलंबून. वाटाड्या पाहुण्यांना आठशे वर्षं सांगतो, पुजारी हजार सांगतात आणि दारावरच्या पाटीनं 'अतिप्राचीन' असं लिहून हात झटकलेत. शहर त्यामानानं कालचं पोर. ते देवळाभोवती वाढत वाढत उंच झालं. दर खेपेला रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि जिथं पूर्वी लोक चार पायऱ्या चढून देवीकडे जायचे, तिथं आता सहा पायऱ्या उतरून जातात. चहूबाजूंनी बँका, दवाखाने, काचेच्या इमारती. मधे, खाली, काळ्या दगडाच्या खांबांत देवी. गाड्यांचा गोंगाट तिसऱ्या पायरीपर्यंत तुमच्याबरोबर येतो, मग डोक्यावरून निघून जातो. चौथ्या पायरीवर लोकांची मूठ आपोआप सैल होते. हे मी हजारो मुठींतून अनुभवलंय.

चपलांचा स्टँड मावशींचा. सगळे त्यांना मावशीच म्हणतात, त्यांच्याहून थोराड माणसंसुद्धा. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या चपला सांभाळल्या. आकडा कानावर पडला की त्यांचा हात न बघता नेमक्या फळीवर जायचा.

या मुठीत राहून मी काय काय पाहिलं! कुणी मला खिशात टाकतं, कुणी रुमालात गुंडाळतं. एक बाई तर हात मोकळे हवेत म्हणून चक्क दातांत धरतात आणि वर "अंबे, अंबे" म्हणायला बघतात. पण बहुतेक जण मला हातातच ठेवतात. देवीसमोर हात जोडले की मी दोन तळव्यांच्या मधे येतो, आणि मागणं देवीच्या आधी मला ऐकू येतं. नोकरी, मूलबाळ, सासूचा स्वभाव. शेजाऱ्याचं वाईट व्हावं म्हणूनही लोक इतक्या लांब येतात. काही जण डोळे मिटून अगदी तल्लीन दिसतात आणि मनात चाललेलं असतं, 'नव्या चपला घालून यायला नको होतं.' मी हसतो. पितळ हसलेलं कळत नाही, म्हणून निभावतंय.

त्या हजारो तळव्यांत एका माणसाचे तळवे मला आपले वाटायला लागले. त्यांची गोष्ट सांगायची म्हणूनच मी तोंड उघडलंय.

त्यांना मी ऑपरेटर म्हणतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं बोर्डावर बसून त्यांनी लोकांची लोकांशी गाठ घालून दिली. निम्म्या शहराचे नंबर तोंडपाठ. दर मंगळवारी ते बायकोबरोबर देवीला यायचे. बिल्ला ती धरायची, आकडा ते लक्षात ठेवायचे.

"अहो, माझ्या हातात आहे ना तो? मग पाठ कशाला करताय?" ती म्हणायची.

"अगं, सवय आहे," ते म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. महिन्याभरानं ऑपरेटर एकटेच आले. बिल्ला पुढे करत मावशी म्हणाल्या, "काका, आता तुम्हीच धरायचा आणि तुम्हीच लक्षात ठेवायचा." तेव्हापासून तो दोघांचा खेळ झाला. ऑपरेटर आकडा एकदा बघायचे, मूठ मिटायचे आणि परत आल्यावर मूठ न उघडता सांगायचे. मग मावशी बिल्ला ताडून बघायच्या आणि "पास!" म्हणायच्या. शंभरावर मंगळवार झाले असतील, ऑपरेटर एकदाही नापास नाहीत. त्यातल्या आठ-दहा मंगळवारी त्यांच्या वाट्याला मी आलो होतो.

गेल्या वर्षी मात्र त्यांचे तळवे ओले लागायला लागले. देवीसमोर ते एकच वाक्य पुटपुटायचे, "आई, डोकं तेवढं शाबूत ठेव. गुडघे गेले तरी चालतील." रांगेत ते स्वतःशी बोलायचे, त्यातून मला बाकीचं कळलं. एकदा दूध गॅसवर ठेवून ते बाहेर गेले होते, घरभर धूर झाला. मग एकदा बसमधून चार थांबे पुढे जाऊन उतरले आणि तासभर रस्ता विचारत फिरले. मुलगी याच शहरात, पण दुसऱ्या टोकाला. मुलगा परदेशात. भावाबहिणीनं फोनवर ठरवलं की आणखी एक काही झालं, की बाबांना एकटं ठेवायचं नाही. घराला कुलूप लावायचं आणि त्यांना लेकीकडे न्यायचं.

ऑपरेटरांना घर सोडायचं नव्हतं. त्या घरात डबेसुद्धा बायकोनं लावले तसेच होते. त्यामुळे मंगळवारचं ते "पास!" आता खेळ राहिलं नव्हतं. त्यांच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच साक्ष होती.

आणि नेमक्या अशा दिवसांत मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. स्टँडवर त्यांची सून येऊन बसायला लागली.

सून कामाला वाघ. हसतमुख. बोलायला मराठी उत्तम, भांडायला त्याहून उत्तम. पण शाळा सगळी इंग्रजी, त्यामुळे मराठी आकड्यांशी तिचं पहिल्यापासून बिनसलेलं. कुणी "त्रेसष्ट" म्हणालं की ती एक क्षण आढ्याकडे बघायची, मनात काहीतरी जुळवायची आणि मग हात घालायची. बहुतेक वेळा जमायचं. नाही जमलं तर "दाखवा बिल्ला" म्हणायची.

त्या मंगळवारी ऑपरेटरांना मी मिळालो. त्यांनी मला बघितलं, मूठ मिटली. सहा पायऱ्या उतरले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. रांग फारशी नव्हती. खांबांना हात लावत ते पुढे सरकले. त्या खांबांना खांद्याच्या उंचीवर खोलगट गुळगुळीत जागा झाली आहे, इतकी वर्षं लोक टेकून उभे राहिलेत तिथं. गाभाऱ्यातून धुपाचा वास येत होता. देवीचे चांदीचे डोळे समईच्या उजेडात आपल्याकडेच बघताहेत असं तिथं प्रत्येकाला वाटतं. ऑपरेटरांनी हात जोडले. नेहमीचं वाक्य म्हटलं. मग आणखी थोडा वेळ तसेच उभे राहिले, मागच्या माणसानं खाकरेपर्यंत.

वर आलो तर स्टँडसमोर झुंबड. पाहुण्यांची एक मोठी बस एकदम भरायची होती. चाळीस जणांना आपापल्या चपला आत्ता, या क्षणी हव्या होत्या. प्रत्येक जण आपला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होता.

ऑपरेटर पुढे झाले. मूठ मिटलेलीच. बोर्डावर बसून बोलायचे तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "एकोणऐंशी."

"एकोण... ऐंशी... एटी नाइन," सून स्वतःशीच म्हणाली आणि तिचा हात वरच्या फळीवर गेला. खालच्या फळीवर माझा भाऊ ऑपरेटरांच्या सँडलला लटकून बघत राहिला. तिनं काढल्या त्या ८९ नंबरच्या. रंग तोच, पट्टे तसेच. शहरातले निम्मे म्हातारे तसल्याच सँडल घालतात. त्यांच्यावरचा बिल्ला काढायचंही तिला सुचलं नाही, कारण तोवर आणखी तिघं ओरडत होते.

ऑपरेटरांनी सँडल पायात सरकवल्या आणि ते थांबले. ते "पास!" ऐकायला थांबले होते. सून दुसरीकडे वळली होती. क्षणभर वाट बघून ते निघाले आणि मला परत द्यायचं राहून गेलं. एवढं मात्र ते खरंच विसरले. चौकात ते एकदा उभे राहिले, पायांकडे बघितलं आणि पुन्हा चालू लागले.

मी पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या. टेबलावर काळा टेलिफोन, नुसता शोभेला. फडताळात डबे, त्यांवर तिच्या अक्षरात डाळ, साखर, पोहे. किल्ली काढताना मी त्यांच्या हाताला लागलो. "अरेच्चा, तू पण आलास?" म्हणत त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी दवाखाना आटोपून लेक आली. ती दातांची डॉक्टर आहे. लोकांचं तोंड उघडून आत काय बिघडलंय ते शोधायची तिला सवय. दारात चपला काढायला वाकली आणि तिथंच थबकली.

"बाबा, या कुणाच्या?"

"माझ्या. आणखी कुणाच्या?"

"तुमच्या नाहीत. यांना देवळातला बिल्ला लटकतोय. आठ-नऊ." मग तिला टेबलावर मी दिसलो. "आणि इथं सात-नऊ. बाबा, तुम्ही काय मागितलंत तिथं?"

"मी बरोबर आकडा सांगितला होता."

"मग या कशा आल्या?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अर्धा नंबर मोठ्या आहेत, बाबा. अख्खा रस्ता चालून आलात. पायाला कळलं नाही?"

लेक आत जाऊन भावाशी फोनवर बोलली. स्वयंपाकघराचं दार तिनं लोटलं होतं, पण लोटलेल्या दारातून शब्द जास्तच ऐकू येतात. "दादा, आज परत... नाही, सुखरूप आहेत. पण आता पुरे. रविवारी मी त्यांना घेऊनच जाते."

बाहेर येऊन ती त्यांच्याजवळ बसली. "बाबा, माझं घर काय परकं आहे का? नातवंडं आहेत, सोबत आहे."

"परकं नाही गं," ते म्हणाले. "पण ते तुझं आहे."

लेक त्यांच्याकडेच राहिली. ती भाजी निवडायला बसली तेव्हा ऑपरेटरांनी आम्हा दोघा बिल्ल्यांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. एकदा मला उचलायचे, एकदा ८९ला. "मी काय म्हणालो रे?" त्यांनी मला हळूच विचारलं.

अख्ख्या आयुष्यात मला तोंड हवंसं वाटलं ते तेव्हा. एकोणऐंशी म्हणालात! स्वच्छ म्हणालात! मी मुठीत होतो, माझ्याइतकं जवळून कुणी ऐकलं नाही! पण बिल्ल्याची साक्ष कोण काढतो? ज्या माणसानं छत्तीस वर्षांत एक नंबर चुकीचा जोडला नाही, तो माझ्यासमोर स्वतःच्याच आवाजावर संशय घेत बसला होता. मला सुनेचा राग आला, लेकीचा आला, देवीचासुद्धा आला.

सकाळी लेकीनं चहा केला. ऑपरेटर कप हातात घेऊन खिडकीबाहेर बघत होते. ओठ हलत होते. "एकोणऐंशी... एकोणऐंशी..." आणि एकदम त्यांनी कप खाली ठेवला.

"हात्तिच्या! अगं, कागद-पेन्सिल घे."

"कशाला?"

"मी एक आकडा सांगतो, तो लिही."

"बाबा, परीक्षा नको आता सकाळी सकाळी."

"तुझी घेतोय. माझी नाही. लिही, एकोणऐंशी."

लेकीनं सुस्कारा सोडला आणि लिहिलं. तिची शाळाही इंग्रजीच. ऑपरेटरांनी कागदाकडे बघितलं, मला उचललं आणि तिनं लिहिलेल्या आकड्याशेजारी ठेवलं. कागदावर ८९. माझ्यावर ७९.

लेक कागदाकडे बघतच राहिली. मग माझ्याकडे. कान लाल झाले तिचे.

"एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी," ऑपरेटर म्हणाले. "आठ-नऊ म्हणजे एकोणनव्वद."

"पण मग ऐंशीचं नाव घ्यायचंच कशाला? सत्तरातला आकडा आणि नाव ऐंशीचं?"

"आपली रीतच आहे ती. अमक्याचा धाकटा, तमक्याची सून. स्वतःच्या नावानं कोण ओळखतं कुणाला?" ते हसायला लागले. "एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी बजावलं होतं आम्हाला. आकडे जोडून बोलायचे नाहीत, सुटे बोलायचे. सात, नऊ. तोंडात एकोण आला की राँग नंबर लागलाच म्हणून समजा. छत्तीस वर्षं पाळलं आणि देवीच्या दारात विसरलो."

लेकीनं तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, काही विचारू नकोस. एकोणऐंशी लिही." मग सातासमुद्रापलीकडून आवाज आला, "एटी... नाइन?"

बापलेक पोट धरून हसले. हसता हसता लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी, बाबा. मी उगाच... रविवारचं सोडून द्या आता." ऑपरेटर जिंकले होते. मी टेबलावर पडल्या पडल्या चमकत होतो. पितळेला चमकायला निमित्त लागतं, ते मला मिळालं होतं.

मग आम्ही सगळे देवळाकडे निघालो, सँडल परत करायला. स्टँडवर काठी घेऊन खुद्द मावशी हजर. कारण ८९ नंबरचे गृहस्थ आदल्या दिवशी नुसते मोजे घालून टॅक्सीनं घरी गेले होते आणि जाताना सुनेच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले होते.

"काका, चुकलं माझं," सून म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"तुझं नाही. आपल्या आकड्यांचं," ऑपरेटर म्हणाले. "आणि माझंही थोडं."

"आलाच आहात तर आईला भेटून या," मावशी म्हणाल्या. "बिल्ला तोच राहू दे. तुमच्या चपला अजून फळीवरच आहेत." माझा भाऊ एक दिवस एका जागी बसून कंटाळला होता. मला बघून तो आनंदानं किणकिणला.

दुपारची वेळ, देऊळ जवळजवळ रिकामं. दर्शन घेऊन बापलेक खांबाशी टेकून बसले. लेक मोकळ्या मनानं बडबडत होती, दवाखान्यातल्या गमती सांगत होती. मी ऑपरेटरांच्या मुठीत होतो आणि मला एक गोष्ट कळेना. जिंकलेल्या माणसाचा तळवा कोरडा असायला हवा. हा चिंब ओला होता.

"बाळ," ते म्हणाले, "आकडा माझा बरोबर होता ना?"

"हो, बाबा. शंभर टक्के."

"मग आता दुसरं सांगतो. हरलो असतो तर सांगितलं नसतं, तुम्ही लगेच उचलून नेलं असतंत. त्या सँडल माझ्या नव्हेत, हे मला कळलं होतं. चौकातच कळलं. पण मला वाटलं, असतील माझ्याच. मीच विसरलो असेन आपल्या कशा होत्या त्या. म्हणून मी परत नाही गेलो."

लेकीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"आणखी आहे. गेल्या शुक्रवारी एक फॉर्म भरत होतो. त्यात 'पत्नीचे नाव' असा रकाना होता. पेन टेकवलं आणि... नाव येईना. मागे रांग. तसाच घरी आलो. तिच्या डब्यांवर शोधलं. डाळ, साखर, सगळं लिहून ठेवलंय गं तिनं, स्वतःचं नाव कुठं नाही. मग कपाटातल्या कागदांत सापडलं. वाचलं. संध्याकाळपर्यंत परत गेलं."

"बाबा, तुम्ही आईला कधी नावानं हाकच मारली नाहीत," लेक घाईघाईनं म्हणाली. "आयुष्यभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. म्हणून होत असेल."

"तसंच समजावलं मी स्वतःला." ते खाली बघत राहिले. "पण लोकांचे नंबर अजून सगळे आहेत डोक्यात. कुणाकुणाचे! दुकानदारांचे, वकिलांचे. ते पुसले जाईनात. आणि तिचं नाव... आत्तासुद्धा नाही. काय गं नाव तुझ्या आईचं?"

लेकीनं त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. मी तीन तळव्यांच्या आत होतो. मग तिनं नाव सांगितलं. मी ते ऐकलं. तुम्हाला सांगणार नाही, ते त्यांच्या घरचं आहे. ऑपरेटरांनी ते एकदा म्हटलं. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. बायकोला नावानं हाक मारायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी, कारण ते चक्क लाजले.

"उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ," लेक डोळे पुसत म्हणाली. "राहायचं कुठं ते नंतर बघू. मी जबरदस्ती करणार नाही."

"तू रविवारीच ये," ते म्हणाले. "घरात नाव सांगायला कुणीतरी हवं. पण दादाला सांग, मी येतो म्हणालो म्हणून मला नेलंस."

ही गोष्ट घडून आता वर्ष होत आलं. त्या दिवशी ऑपरेटर मला परत द्यायला गेले, तर मावशींनी घेतलं नाही. "असू द्या तुमच्याजवळ," म्हणाल्या. लेकीनं मला भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेलं. माझी मागची बाजू कोरीच होती. ठक ठक ठक करत त्यानं ठिपक्याठिपक्यांनी तिथं एक नाव उमटवलं. दुखलं थोडं. पण माझ्या जातीत नाव असलेला मी एकटाच. स्टँडवर आता अठ्ठ्याहत्तरनंतर एकदम ऐंशी येतो. "कटकट गेली," असं सून म्हणते. माझा भाऊ खिळ्याला टांगलेला असतो आणि फक्त मंगळवारी, एकाच माणसाच्या सँडलसाठी खाली उतरतो.

मी ऑपरेटरांच्या खिशात असतो. लेकीच्या घरी ते बरे आहेत, असं म्हणावं लागेल. काही दिवस चांगले जातात, काही दिवस ते नातवंडांना एक्स्चेंजमधली पोरं समजून ड्यूटी लावतात. तुमच्या घरात असं कुणी असेल तर माझं एक ऐका. त्यांना सारखं "ओळखा पाहू, मी कोण?" असं विचारू नका. आपणच आपलं नाव सांगावं, उद्या पुन्हा सांगावं. सांगायला काय जातं?

कालही मंगळवार होता. लेक त्यांचा हात धरून त्यांना घेऊन आली. "काका, नंबर?" सुनेनं विचारलं. "सात, नऊ," ते ताठ उभे राहून म्हणाले, खिशाकडे न बघता. "पास!" खुर्चीतून मावशी ओरडल्या. मग आम्ही सहा पायऱ्या उतरलो. पुजाऱ्यांनी फूल घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या नावानं?" ऑपरेटरांनी लेकीकडे बघितलं. तिनं हळूच त्यांच्या खिशाकडे बघितलं. त्यांनी मला खिशातून काढलं, उलटवलं, समईच्या उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं.